दुष्काळाआधी घरातल्या पाण्याचा हिशोब: नाशिकच्या घरांसाठी

नाशिक शहरात राहणाऱ्या माणसाला दुष्काळ ही बहुधा येवला, सिन्नर, नांदगाव किंवा मालेगावची गोष्ट वाटते. असे वाटण्याला भूगोलाचे कारण आहे. इगतपुरीच्या घाटमाथ्यावर वर्षाला ३,००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, पन्नास किलोमीटरच्या आत असलेल्या नाशिक शहरात तो ७०० मिलिमीटरच्या आसपास उतरतो आणि आणखी पूर्वेला, सिन्नर-येवल्याच्या पर्जन्यछायेत, ५०० मिलिमीटरच्या घरात येतो. शहराचे नळ मुख्यतः गंगापूर, मुकणे आणि दारणा या धरणांवर चालतात, आणि ही तिन्ही धरणे पश्चिमेकडच्या डोंगरातल्या पावसाने भरतात. त्यामुळे शहरात पाऊस हुलकावण्या देत असला, तरी त्र्यंबकेश्वर-इगतपुरीकडे चार दिवस चांगली झड लागली की नाशिककर निश्चिंत होतो.

ही निश्चिंती अर्धीच खरी आहे. राज्य शासनाने २०२३ च्या खरीप हंगामानंतर ज्या ४० तालुक्यांत दुष्काळ जाहीर केला, त्यांत मालेगाव, सिन्नर आणि येवला हे याच जिल्ह्यातील तीन तालुके होते. धरणांचे पाणीही एकट्या शहराच्या मालकीचे नसते. गंगापूर धरणाची उपयुक्त साठवणक्षमता ५,६३० दलघफू, म्हणजे दशलक्ष घनफूट, एवढी सांगितली जाते. लिटरमध्ये ती सुमारे १६,००० कोटी भरते. आकडा डोळे दिपवणारा आहे, पण त्यावर महापालिका, औद्योगिक वसाहती आणि कालव्यावरची शेती असे अनेकांचे हक्क आहेत. उन्हाळ्यात बाष्पीभवन आपला वाटा कोणालाही न विचारता घेऊन जाते. शिवाय गोदावरीच्या खालच्या अंगाला जायकवाडी आहे. १५ ऑक्टोबरला तेथील साठा ६५ टक्क्यांहून कमी असेल, तर समन्यायी वाटपाच्या तत्त्वाने नाशिक आणि नगरच्या धरणांतून पाणी सोडावे लागते, आणि २०२३ च्या नोव्हेंबरमध्ये ते सोडलेही गेले. त्यावरून दरवेळी आंदोलने आणि न्यायालयीन वाद होतात. माझ्या मते नदीच्या खालच्या काठावरच्या माणसाची तहान आपल्या तहानेपेक्षा कमी प्रतीची नसते. तो वाद बाजूला ठेवला, तरी घर चालवणाऱ्याने एवढे लक्षात ठेवावे की सप्टेंबरमध्ये ‘धरण शंभर टक्के भरले’ ही बातमी आपल्या नळाची हमी नव्हे.

पाण्याच्या नियोजनात प्रशासन एक तारीख पाळते, ती घरांनीही पाळण्यासारखी आहे. धरणातील पाण्याचे आरक्षण साधारणपणे १५ ऑक्टोबर ते ३१ जुलै या काळासाठी केले जाते. हे २९० दिवस होतात. घरात मात्र आपण ‘मे महिना काढला की झाले’ असे म्हणतो. मृग नक्षत्र लागले म्हणजे धरण भरू लागले असे होत नाही. जूनचा पाऊस बऱ्याच अंशी तापलेली जमीनच पिऊन टाकते, नाले-ओढे वाहू लागायला वेळ लागतो, आणि पाऊस लांबला तर सर्वांत कठीण दिवस वैशाखात नव्हे, तर आषाढात येतात. घराची तयारी त्यामुळे जुलैअखेरपर्यंतची असावी आणि ती ऑक्टोबरात, परतीचा पाऊस संपल्यावर लगेच सुरू व्हावी. टँकर, प्लंबर, बोअरवाले आणि टाक्यांचे दुकानदार हे सगळे तेव्हा मोकळे असतात. एप्रिलमध्ये यांपैकी कोणीही फोन उचलत नाही, हा अनुभव बहुतेकांना असेलच.

माणशी किती पाणी लागते?

मलनिस्सारणाची व्यवस्था असलेल्या शहरांसाठी नियोजनात माणशी दररोज १३५ लिटर पाणी धरले जाते. ग्रामीण नळयोजनांसाठी जलजीवन मिशनने ५५ लिटरचे मान ठरवले आहे, आणि टंचाईच्या काळात गावाला टँकर लागतो तेव्हा माणशी सुमारे २० लिटरचाच हिशोब केला जातो. या तीन आकड्यांच्या मध्ये आपले घर कोठे बसते आणि गरज पडल्यास ते कोठपर्यंत खाली येऊ शकते, हे शोधून काढणे ही तयारीची पहिली पायरी आहे. ही पायरी गाळून लोक थेट मोठी टाकी विकत घेतात, आणि तेथेच गणित चुकते.

सिडकोतील पाच माणसांचे एक घर उदाहरणासाठी घेऊ. नेहमीच्या सवयीने हे घर दिवसाला ५ गुणिले १३५, म्हणजे ६७५ लिटर पाणी वापरते. आता तेच घर आटोपशीर वागले तर काय होईल ते पाहू. पिण्या-स्वयंपाकाला माणशी ८ लिटर, अंघोळीला एक बादली म्हणजे १८ लिटर, कपड्यांना १२, भांड्यांना १०, लादी पुसणे वगैरेंसाठी २ आणि शौचालयाला २० लिटर धरले, तर बेरीज ७० लिटर होते. यातले शौचालयाचे २० लिटर अंघोळीच्या आणि कपड्यांच्या निघालेल्या पाण्यातून भागवले, तर ताज्या पाण्याची गरज माणशी ५० आणि घराची २५० लिटर उरते. गच्चीवरची १,००० लिटरची टाकी ६७५ लिटरच्या सवयीत दीड दिवस पुरते आणि २५० लिटरच्या सवयीत पूर्ण चार दिवस पुरते. दुसरी टाकी न घेताच साठा अडीच पटींहून अधिक वाढला, आणि यात कोणालाही पारोसे राहावे लागले नाही.

टाकी किती मोठी असावी, याचे उत्तरही येथूनच निघते. रोजची काटकसरीची गरज घ्यावी, दोन पाणीपुरवठ्यांमध्ये जास्तीत जास्त किती दिवसांचे अंतर पडू शकते त्याने गुणावे आणि एका दिवसाची भर घालावी. पाणी दिवसाआड येणार असेल, तर या घराला २५० गुणिले २ अधिक २५०, म्हणजे ७५० लिटर पुरतात. मनमाडसारख्या गावात, जेथे नळाला पाणी येण्यात अनेक दिवसांचे अंतर पडण्याची लोकांना वर्षानुवर्षे सवय आहे, तेथे हेच गणित जमिनीखालच्या हौदापर्यंत जाते. गच्चीवर आणखी एक टाकी चढवण्यापूर्वी मात्र एक विचार करावा. १,००० लिटर पाण्याचे वजन बरोबर एक टन असते. जुन्या रो-हाऊसच्या स्लॅबवर ते कोठेही ठेवण्यासारखे नसते. टाकी खांबांवर किंवा तुळईवर यावी आणि त्याबाबत अभियंत्याला विचारून घ्यावे.

आधी गळती, मग काटकसर

माणसांना कमी पाणी वापरा असे सांगण्यापूर्वी नळांना सांगावे. रात्री सर्वांच्या झोपायच्या वेळी सगळ्या तोट्या बंद करून पाण्याच्या मीटरवरचा आकडा लिहून ठेवावा आणि पहाटे कोणी पाणी वापरण्याच्या आत तो पुन्हा पाहावा. रात्री नळाला पाणी येत नसेल, तर हीच परीक्षा टाकीतल्या पाण्याच्या पातळीवर खडूची खूण करून करता येते. आकडा हलला किंवा पातळी उतरली, तर पाणी कोठेतरी जात आहे. ठिबकणारी तोटी आवाज करते म्हणून सापडते. तिच्याखाली २०० मिलिलिटरचा पेला ठेवून तो किती वेळात भरतो ते पाहावे. १५ मिनिटांत भरला, तर दिवसाला १९ लिटर पाणी मोरीत चालले आहे, म्हणजे एका माणसाची अंघोळ.

खरा चोर असतो तो फ्लशची टाकी. तिच्या आतला रबरी पडदा झिजला की पाणी भांड्याच्या कडेने इतक्या पातळ धारेने उतरते की ते दिसत नाही आणि ऐकूही येत नाही. त्यासाठी कपड्यांची नीळ उपयोगी पडते. फ्लशच्या टाकीत निळीचे चार-पाच थेंब टाकावेत, वीस मिनिटे फ्लश वापरू नये आणि नंतर भांड्यात डोकावावे. पांढऱ्या भांड्यात निळसर झाक उतरलेली दिसली, तर पडदा बदलावा. त्याची किंमत एका टँकरच्या तुलनेत नगण्य असते. जुन्या टाक्या एका वेळी १० ते १२ लिटर पाणी सोडतात, तर नव्या दुहेरी बटनाच्या टाक्या ३ किंवा ६ लिटरांत काम करतात. टाकी बदलायची नसेल, तर पाण्याने भरलेली एक लिटरची झाकणबंद बाटली तिच्यात उभी ठेवावी; प्रत्येक वेळी तेवढे पाणी वाचते. वीट मात्र ठेवू नये, कारण ती झिजून तिची माती आतल्या भागांत अडकते.

गच्चीवरच्या टाकीचा बॉल कॉक हे गळतीचे तिसरे ठिकाण. तो अडकला की टाकी भरून वाहते, आणि पाणी पहाटे येत असेल तर ते कोणाच्या लक्षातही येत नाही. बाकीच्या काटकसरीबद्दल फार लिहिण्याची गरज नाही. शॉवरऐवजी बादली घ्यावी, तोट्यांना जाळीचे एअरेटर लावावेत, कपडे धुण्याचे यंत्र पूर्ण भरूनच चालवावे आणि गाडी ओल्या फडक्याने पुसावी. या गोष्टी सर्वांना ठाऊक आहेत आणि त्या पाळण्यासाठी लेखापेक्षा पाणीकपात अधिक परिणामकारक ठरते.

एकच पाणी दोनदा

वापरलेले पाणी पुन्हा वापरायचे असेल, तर त्याची उतरंड ठरवावी लागते. भाज्या, तांदूळ आणि डाळी धुतलेले पाणी सर्वांत चांगले. ते थेट कुंड्यांना घालावे. अंघोळीचे आणि कपड्यांच्या शेवटच्या खळबळणीचे पाणी शौचालयाला आणि अंगण धुवायला चालते. कपड्यांच्या पहिल्या पाण्यात साबणाचा सोडा भरपूर असतो, त्यामुळे ते झाडांना घालू नये. सोडियमने माती घट्ट होत जाते आणि काही महिन्यांत झाडाची पाने कडेने करपू लागतात. भांडी घासलेले तेलकट पाणी साठवूच नये. साबणाचे कोणतेही पाणी एक दिवसापेक्षा जास्त ठेवले की कुजते आणि वास मारते. त्यामुळे मोरीत एक वेगळे, रंगाने ओळखू येणारे पिंप ठेवावे, ते संध्याकाळपर्यंत रिकामे व्हावे आणि त्यात पिण्याच्या पाण्याचा तांब्या कोणी चुकूनही बुडवू नये.

आरओ यंत्राचा विषय येथेच येतो, कारण ते एक लिटर पाणी गाळण्यासाठी दोन-तीन लिटर पाणी नळीवाटे बाहेर टाकते. धरणाच्या पाण्यात क्षार सहसा कमी असतात. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकाप्रमाणे एकूण विरघळलेले क्षार, ज्याला आपण टीडीएस म्हणतो, लिटरमागे ५०० मिलिग्रॅमपर्यंत असणे स्वीकारार्ह आहे. नळाचे पाणी त्याच्या आत असेल, तर आरओची गरजच नाही. साधी गाळणी आणि उकळणे किंवा यूव्ही यंत्र पुरते. विक्रेते हे सांगत नाहीत, यात नवल नाही. बोअरचे पाणी जड असेल आणि आरओ आवश्यकच असेल, तर त्याच्या बाहेर टाकलेल्या पाण्याची नळी बादलीत सोडावी आणि ते पाणी लादी पुसायला वापरावे.

साठवलेले पाणी आणि डेंग्यू

टंचाई आली की घरात पिंपे, बादल्या, हंडे, रांजण यांची रांग लागते, आणि दुष्काळाच्या वर्षातही डास कमी का होत नाहीत याचे एक उत्तर त्या रांगेतच सापडते. डेंग्यू पसरवणारा एडिस इजिप्ती डास गटाराच्या पाण्याऐवजी घरातल्या स्वच्छ, साठलेल्या पाण्याला पसंती देतो. अंड्यापासून उडणारा डास तयार व्हायला उन्हाळ्यात साधारण आठ-दहा दिवस लागतात, म्हणून आठवड्यातून एक ‘कोरडा दिवस’ पाळा असे आरोग्य विभाग सांगतो. भांडे रिकामे करून पुन्हा भरले की काम झाले असे अनेक जण समजतात, पण तसे होत नाही. या डासाची अंडी पाण्यात तरंगत नाहीत. ती पाण्याच्या रेषेलगत भांड्याच्या आतल्या कडेला चिकटलेली असतात आणि कोरडी पडली तरी काही महिने तग धरून राहतात. पुन्हा पाणी भरले की त्यांतून अळ्या बाहेर येतात. त्यामुळे पिंपाची आतली कड काथ्याने किंवा ब्रशने घासल्याशिवाय कोरड्या दिवसाचा उपयोग होत नाही. जी टाकी आठवड्याला रिकामी करणे टंचाईत परवडणार नाही, तिचे झाकण घट्ट बसवावे, हवेच्या नळीला बारीक जाळी बांधावी आणि झाकण नसलेल्या पिंपावर दुहेरी सुती कापड दोरीने आवळून बांधावे.

पाण्याच्या गुणवत्तेबाबतही टंचाईत जास्त काळजी लागते. नळाला सतत दाब असतो तेव्हा फुटक्या जलवाहिनीतून पाणी बाहेर झिरपते. पुरवठा बंद झाला की दाब नाहीसा होतो आणि त्याच फटीतून आजूबाजूचे घाण पाणी आत शिरू शकते. म्हणून खंडानंतर येणारी पहिली बादली पिण्यासाठी न घेता लादीसाठी वापरावी. नळाला थेट मोटर लावणे हा केवळ शेजाऱ्यांवरचा अन्याय किंवा नियमभंग नव्हे. मोटर वाहिनीत जी ओढ निर्माण करते तिने हेच घाण पाणी आपल्या घरात खेचले जाते. ज्याला दुसऱ्याच्या वाट्याची पर्वा नाही त्याने निदान आपल्या मुलांच्या पोटाची करावी.

टँकर मागवताना पाणी कोणत्या विहिरीतून किंवा बोअरमधून भरले आहे, हे विचारावे. अनेक जण टीडीएस मोजण्याची छोटी पेन्सिल पाण्यात बुडवून समाधान मानतात, पण ती फक्त क्षार दाखवते. जंतू, नायट्रेट किंवा फ्लोराइड यांच्याबद्दल ती काहीच सांगत नाही. टाकीत घेतलेले टँकरचे पाणी निर्जंतुक करण्यासाठी गावोगावी वापरली जाणारी टीसीएल पावडर, म्हणजे ब्लीचिंग पावडर, पुरेशी आहे. साधारण ३३ टक्के क्लोरीन असलेली ताजी पावडर १,००० लिटरला सुमारे ५ ग्रॅम, म्हणजे जवळपास एक सपाट चहाचा चमचा लागते. ती टाकीत सरळ फेकू नये. आधी प्लास्टिकच्या बादलीत पाण्यात कालवावी, चुना तळाशी बसू द्यावा, वरचे निवळ पाणी टाकीत ओतावे आणि किमान अर्धा तास थांबावे. त्यानंतर ओटी टेस्ट, म्हणजे ऑर्थोटोलिडिन या रसायनाचे थेंब टाकून केलेली क्लोरीनची तपासणी, करता आली तर उत्तमच. पाण्याला पिवळसर छटा आली म्हणजे क्लोरीन शिल्लक आहे असे समजावे. उघड्या पुडीतली जुनी पावडर निकामी होते. तसेच शौचालय धुण्याच्या ॲसिडजवळ ही पावडर ठेवू नये, कारण दोन्ही एकत्र आल्यास विषारी क्लोरीन वायू तयार होतो. शंका असेल तेव्हा पिण्याचे पाणी खळखळून उकळावे. गढूळ पाणी असेल तर आधी तुरटी फिरवावी, निवळू द्यावे आणि मगच क्लोरीन टाकावे किंवा उकळावे, कारण गाळाच्या आडोशाला जंतू वाचतात.

हात धुण्याचे पाणी मात्र कापू नये. टंचाईत पहिली कपात बहुधा तेथेच होते आणि त्याची किंमत जुलाब-उलट्यांच्या रूपाने घरातल्या लहान मुलांना आणि वृद्धांना मोजावी लागते. नळ सोडून हात धुण्यापेक्षा तांब्याने धुतले, तर अर्ध्या लिटरात काम होते.

बोअर, आड आणि पावसाचे पाणी

‘नळ नाही तर बोअर आहे’ हा दिलासा नाशिकमध्ये जपून घ्यावा लागतो. आपण दख्खनच्या काळ्या कातळावर, बेसाल्टवर बसलो आहोत. या खडकाच्या अंगात पाणी मुरत नाही. ते राहते त्याच्या वरच्या झिजलेल्या, मुरमाड थरात आणि खालच्या भेगा-सांध्यांत. म्हणूनच एका घराच्या बोअरला भरपूर पाणी लागते आणि वीस फुटांवरच्या शेजाऱ्याची कोरडी जाते. यात पायाळू माणसाचे किंवा नारळाचे कर्तृत्व नसते. जास्त खोल गेले की जास्त पाणी लागते हाही समज फसवा आहे, कारण खोलीबरोबर भेगा बहुधा कमी आणि बारीक होत जातात. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा निरीक्षण विहिरींच्या पातळ्या नियमितपणे मोजते. आपल्या भागातली पातळी गेल्या काही वर्षांच्या तुलनेत किती उतरली आहे, हे नवे बोअर घेण्याआधी तेथे विचारून घ्यावे.

असलेल्या बोअरची नाडी घरच्या घरी पाहता येते. दर महिन्याच्या ठरावीक तारखेला मोटर सुरू करावी आणि किती मिनिटांनी पाण्याची धार तुटू लागते, नळीतून फस्स-फस्स हवा येऊ लागते, ते वहीत लिहावे. ऑक्टोबरात जी मोटर तासभर अखंड चालत होती ती जानेवारीत पस्तीस मिनिटांवर आली, तर एप्रिलचा अंदाज आपोआप येतो, आणि टँकरची किंवा सोसायटीतल्या वाटपाची बोलणी तेव्हाच सुरू करता येतात. मोटरीला कोरडी चालू न देणारे उपकरण याच सुमारास बसवून घ्यावे, कारण उन्हाळ्यात पाण्याबरोबर मोटरही जळाली की दोन संकटे एकदम येतात. जुन्या नाशकातील काही वाड्यांत अजूनही आड आहेत. त्यांत कचरा टाकणे थांबवून गाळ काढला, तर पिण्याखेरीजच्या वापराला ते मोठा आधार देऊ शकतात. मात्र आत उतरणाऱ्या माणसाच्या जिवाला विषारी हवेचा धोका असतो, त्यामुळे हे काम जाणकार माणसांकडूनच करून घ्यावे.

पावसाचे पाणी साठवण्याबद्दल मोठमोठे दावे ऐकू येतात, म्हणून त्याचे गणित नीट पाहावे. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस पडला की एक लिटर पाणी होते. ६० चौरस मीटरच्या गच्चीवर ७०० मिलिमीटर पाऊस पडला आणि त्यातले ८० टक्के हाती लागले, तर वर्षाला ३३,६०० लिटर मिळतात. आपल्या पाच माणसांच्या घराला ते २५० लिटरच्या हिशोबाने साडेचार महिने पुरतील, पण हा पाऊस पडतो चार महिन्यांत आणि लागतो उरलेल्या आठ महिन्यांत. एवढा हौद रो-हाऊसच्या अंगणात बसत नाही. शिवाय दुष्काळाच्या वर्षी पाऊसच ४० टक्के कमी झाला, तर हाती वीस हजारांच्या आसपासच येतात. त्यामुळे घरगुती टाकीचा खरा उपयोग पावसाळ्याच्या आतच होतो. जूनअखेरीस आणि जुलैमध्ये, जेव्हा धरणे अजून तळाला असतात पण शहरात अधूनमधून सरी येतात, तेव्हा तीन-चार हजार लिटरची टाकी पुन्हा पुन्हा भरते आणि कपातीचे आठवडे निभावून नेते. पहिल्या एक-दोन पावसांचे पाणी गच्चीवरची धूळ आणि पक्ष्यांची विष्ठा घेऊन येते, म्हणून ते वळवून सोडून द्यावे.

जास्तीचे पाणी वाळू-खडीच्या गाळणीतून बोअरमध्ये किंवा शोषखड्ड्यात सोडणे योग्यच आहे. राज्याच्या बांधकाम नियमावलीने ५०० चौरस मीटर आणि त्याहून मोठ्या भूखंडांवरील नव्या बांधकामांसाठी ही व्यवस्था बंधनकारक केली आहे. किती इमारतींत ती केवळ नकाशावर आहे, हे सोसायटीच्या पुढच्या सभेत विचारून पाहावे. एवढे मात्र समजून असावे की कातळाच्या भेगांतून मुरलेले पाणी आपल्याच बोअरला परत येईल याची खात्री नसते. ते बरेचदा गल्लीसाठी केलेले काम ठरते, आणि म्हणूनच गल्लीने मिळून केले तर अधिक साधते.

सिन्नर-येवल्याकडच्या घरांचा हिशोब थोडा वेगळा आहे, कारण तेथे गोठाही घराचाच भाग असतो. दुभती गाय किंवा म्हैस उन्हाळ्यात दिवसाला ६० लिटर किंवा त्याहूनही जास्त पाणी पिऊ शकते. म्हणजे दोन म्हशींना पाच माणसांच्या पिण्या-स्वयंपाकाच्या तिप्पट पाणी लागते. माणसांच्या मानाने येणारा टँकर हे पाणी मोजत नाही. त्यामुळे तेथे ऑक्टोबरचा खरा प्रश्न कोणती जनावरे ठेवायची आणि चारा-पाणी कोठून आणायचे हा असतो, आणि तो बाजार पडण्याच्या आत सोडवावा लागतो.

भिंतींना पडणाऱ्या भेगा

दुष्काळाचा घराच्या बांधकामावर होणारा परिणाम फार कमी लोकांच्या लक्षात येतो. गोदाकाठची काळी माती ओली झाली की फुगते आणि वाळली की आक्रसते. दीर्घकाळ पाऊस नसला तर शेतात जशा भेगा पडतात, तशाच त्या पायाच्या कडेलाही पडतात. पाया उथळ असेल तर घराचा एखादा कोपरा किंचित खचतो आणि खिडकीच्या कोपऱ्यापासून तिरपी जाणारी भेग दिसू लागते. जमिनीखालून गेलेल्या जुन्या वाहिन्याही याच हालचालीने सांध्याशी सुटतात, म्हणून उन्हाळ्यात मीटरची परीक्षा एकदा पुन्हा करावी. जोत्याच्या भोवती चारही बाजूंनी तीन-चार फूट रुंदीची, बाहेरच्या बाजूला उतार असलेली फरसबंदी केली, तर पायाजवळची माती लवकर वाळत नाही. भिंतीला लागून मोठी होणारी झाडे लावू नयेत, कारण कोरड्या वर्षी त्यांची मुळे तेथला उरलासुरला ओलावाही ओढून घेतात.

अशी भेग दिसली तर तिच्या दोन्ही टोकांना पेन्सिलने खूण करून तारीख लिहावी आणि महिन्याने ती पुढे सरकली का ते पाहावे. भेगेत बोटाचे टोक जाऊ लागले, दारे-खिडक्या अडकू लागल्या किंवा खांबाला-तुळईला तडा दिसला, तर वाट न पाहता अभियंत्याला दाखवावे. केसासारखी बारीक भेग मात्र उन्हाळ्यात सिमेंटने बुजवू नये. पाऊस आला की माती फुगते, भिंत थोडी पूर्ववत होते आणि मधला कडक सिमेंटचा भराव शेजारच्या गिलाव्याला नवा तडा देतो. पावसाळा पूर्ण जाऊ द्यावा, जमीन स्थिरावू द्यावी आणि गिलाव्याचे ते काम दिवाळीनंतर काढावे.